गळलेला काना

बापाला सोडून जाण्यात गोष्टीतल्या त्या पोराचा फायदा किती, हे सासऱ्यांनी बोटांवर मोजायला घेतलं, तेव्हा सुनेने पुस्तक उघडंच मांडीवर पालथं घातलं.

"एक, नोकरी. दोन, मोकळी हवा. तीन, रात्रीची सलग झोप. पुढचं बोट काही मिटत नाही बघ. एवढ्यासाठी बाप टाकायचा?"

"सलग झोप किरकोळ वाटते तुम्हाला. ज्याला उठावं लागतं त्याला विचारा."

"त्याचं वकीलपत्र घेतलंयस का, सूनबाई?"

"कुणीतरी घ्यायला नको?"

सासऱ्यांनी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली होती. डोळे गेले, पण चुका पकडायची खोड कानांत उतरली. सून संध्याकाळी त्यांना वाचून दाखवी आणि ते दर पानाला तिला एकदा तरी अडवत. ही नवी कादंबरी तिनेच ग्रंथालयातून निवडून आणली होती. अंथरुणाला खिळलेला बाप, त्याचं सगळं करणारा धाकटा मुलगा, आणि एका सकाळी त्याचं निघून जाणं; गोष्ट सांगतोही तोच. सासऱ्यांना तो पहिल्या पानापासून डोळ्यांसमोर नको होता. सून मात्र त्याची बाजू घेताना आवाज चढवायची.

आवाज चढायला कारण होतं. औषधांच्या कारखान्यात ती तपासनीस. परगावी नवी प्रयोगशाळा निघत होती, तिची प्रमुख म्हणून तिला बोलावलं होतं आणि उत्तर उद्या द्यायचं होतं. घरात हे कुणाला माहीत नव्हतं. घरात होतंच कोण? नवरा गेल्यापासून ती आणि सासरे. थोरले दीर परदेशात. ते दर रविवारी फोनवर असत. सासऱ्यांना बरोबर न्यावं, तर इथे ते भिंतींवर हात ठेवून सगळं बघत. नव्या घरात खरेखुरे आंधळे झाले असते. 'मला इथून हलवायला चौघं लागतील,' असं ते हसत हसत म्हणत. ती हसत नसे.

तिने पुस्तक उचललं.

"'बाबा झोपले होते. पाण्याचं भांडं त्यांच्या हाताशी सरकवलं. दार हळूच ओढून घेतलं. मी निघाले. जिन्यात कुणीच—'"

"काना गळला."

"कुठे?"

"'निघालो' असणार तिथे. तू 'निघाले' वाचलंस. पोराची पोरगी केलीस."

तिने पान जवळ धरलं. 'लो' काना-मात्रेसकट जागेवर होता.

"चुकून झालं, बाबा."

"चुका चुकूनच होतात. आम्ही पगार त्याचाच घ्यायचो." त्यांनी मान तिच्याकडे वळवली. "कुठे निघालीस?"

ती पुस्तकाच्या पाठीवरचं ग्रंथालयाचं लेबल नखाने उकरत राहिली. मग तिने सगळं सांगितलं.

"आणि उत्तर काय देणार होतीस?"

"नाही म्हणणार होते."

"म्हणून 'निघाले' वाचलंस?"

सासऱ्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"या पुस्तकात एक थोरलाही आहे ना गं?"

"एका पानापुरता. 'काही लागलं तर सांगा' म्हणतो."

"बापाने सांगितलं कधी?"

"नाही."

"आठवडाभर आपण धाकट्यावरून भांडतोय. थोरल्याचं नाव तू काढलं नाहीस, मीही काढलं नाही. लिहिणारा इरसाल आहे हं."

तेवढ्यात रविवारचा फोन ठरल्या वेळी वाजला. सुनेने स्पीकर लावून तो सासऱ्यांच्या हातात दिला.

"काय बाबा, तब्येत काय म्हणतेय? काही लागलं तर सांगा."

याला सासऱ्यांचं उत्तर ठरलेलं असे: काही नको, तू सुखात राहा. तेवढ्यावर दोघांचंही भागे, आणि 'माझा थोरला एका शब्दावर धावत येईल' असं शेजाऱ्यांना सांगायची सासऱ्यांची सोय राही.

"लागलंय," ते म्हणाले. "हिला मोठ्या जागेवर बोलावलंय. ही जाणार. तू ये."

"ये म्हणजे?"

"राहायला. नाहीतर मला तिकडे ने."

पलीकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

"बाबा, हे असं अचानक... तिला म्हणावं, जरा थांब. इतकी वर्षं थांबलीच आहे ना? मी बघतो काय जमतंय ते."

"बघ."

"बघतो. ठेवू?"

सासऱ्यांनी फोन पुढे केला, तो सून उभी होती तिथे नाही, भलतीकडेच. तिने वळसा घालून तो घेतला.

"मी उद्या नाही म्हणून कळवते."

"कळवलंस तर बघ! एवढं विचारून बसलो, ते फुकट घालवतेस?"

सोमवारी तिने होकार कळवला. सासऱ्यांसाठी चोवीस तासांची बाई मिळाली. कामाला चोख, वाचायचा मात्र तिला कंटाळा. सुनेला प्रयोगशाळा मिळाली आणि सलग झोपही. दिरांचं काहीच गेलं नाही. पुढच्या रविवारीही ते 'काही लागलं तर सांगा' म्हणाले. त्या रविवारपर्यंत सासऱ्यांनी काही मागितलं नव्हतं, म्हणून एका शब्दावर धावत येणारा एक मुलगा त्यांच्यापाशी शिल्लक होता. सुनेच्या जाण्याचा खर्च त्यातून भागला.