कोरायची राहिलेली जागा

मुक्ताबाई गेली तेव्हा तिची लेक द्वारका नगरला चित्रशाळेत लाकूड कोरत होती. गावात हे असंच सांगितलं जाई, आणि ते खरंही होतं. फक्त त्या लाकडापायी तिने घरी यायला एक दिवस उशीर केला, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

बेलापूरच्या अलीकडे, प्रवरेच्या काठाला त्यांचं गाव. चित्रशाळेतलं तिचं पहिलंच वर्ष, आणि तेही दुष्काळाचं. दिवाळीत ती घरी आली तेव्हा तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या पाहून मुक्ताबाईने विचारलं होतं, "काय गं, शाळेत खडी फोडाया लावत्यात का?"

"लाकूड कोरते, बाई." आईला ती बाईच म्हणे. "मग शाई लावून त्याचा छाप घ्यायचा."

"म्हंजी कुनब्याची लेक सुतार झाली म्हना की! आन् वर फी बी आपुनच भरायची!" हसता हसता मुक्ताबाईला ठसका लागला. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "एकडाव मला दाव तरी, काय छापतीस ती."

ते काम दिसायला सोपं होतं. लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र उलटं उतरवायचं, नको तेवढं कोरून काढायचं, उरलेल्या उंचवट्यावर रोलरने शाई फिरवायची आणि वर कागद ठेवून दाबायचा. "कोरणी लागली तिथं पांढरं, नाही लागली तिथं काळं," सर सांगायचे. "मधलं काही नाही. आणि एकदा कोरलेलं परत भरता येत नाही." द्वारकाने अंगणात उतरलेल्या साळुंक्या कोरायला घेतल्या. मुक्ताबाई धान्य पाखडून झालं की उरलंसुरलं त्यांच्यापुढे टाकायची, तशा.

माघात आसाराम वसतिगृहाच्या फाटकाशी आला. तो त्यांच्याच गावचा, एस.टी.वर ड्रायव्हर. "तुज्या आईला हगवन लागलीया. तसं घाबराचं न्हाई, पन जाऊन ये म्हनलेत," एवढं सांगून तो गाडीकडे पळाला.

शाळेत छापायचं यंत्र एकच होतं आणि दुसऱ्या दिवशी द्वारकाची पाळी होती. ती चुकली तर पुढची कधी येईल सांगता येत नव्हतं. तिने मनाशी म्हटलं, पहिला छाप घेऊनच जाऊ, बाई बघेल. हे खोटं नव्हतं. पण वर्गातली बाकीची मुलं आपल्याआधी छाप काढतील, हेही तिला सोसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कागदाचं टोक धरून हळूच उचललं आणि खाली काळ्याभोर साळुंक्या, पांढऱ्या लख्ख अंगणात, जशा मनात होत्या तशा उमटलेल्या दिसल्या. तिला इतका आनंद झाला की त्या घटकेला आईची आठवणही राहिली नाही.

त्याच सांजेला मुक्ताबाई गेली. द्वारका पोचली ती दुसऱ्या दिवशी, दहन होऊन गेल्यावर. शाई वाळली नव्हती म्हणून वर्तमानपत्रात सैल गुंडाळलेला छाप तिच्या पिशवीत होता.

गहिनीनाथ, तिचे वडील, ओट्यावर खांबाला टेकून बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "निरोप कव्हा मिळाला, पोरी?"

"काल रातच्याला, दादा." शब्द तोंडातून गेले ते गेलेच.

आत लंकाबाई आत्या होती. भावजय गेली त्या रात्रीपासून घर तिच्याच हाती होतं. मुक्ताबाईने प्राण सोडला ती जागा सारवून तिथे दिवा लावला होता, आणि शेजारी भुईवर पीठ पसरून त्यावर टोपलं झाकलं होतं. गेलेला जीव ज्या योनीत जातो तिचं पाऊल सकाळी त्या पिठात दिसतं, असं घरातली सारीच मानत. आज सकाळी टोपलं उचललं, तर पीठ कोरं होतं.

"जीव अडकलाय," आत्या द्वारकाच्या तोंडावरच म्हणाली. "दाराकडं बघत बघत गेली. माजी द्वारका आली का, द्वारका आली का, हेच चाललं हुतं. मंग पाऊल कसं उमटंल?"

बसायला आलेल्या बायकांनी द्वारकाकडे पाहिलं. ओट्यावरून गहिनीनाथ म्हणाले, "आज रातीला अजून ठेवू. लंके, त्या पिठाचंच काय झालं आसंल."

"व्हय की!" आत्या म्हणाली. "रेशनच्या मिलो ज्वारीचं लालभडक पीठ. अमेरिकेवरून आल्यालं. त्यात आपल्या मान्साचं पाऊल कसं उमटावं? त्या पिठाला तिची वळख तरी हाय का?" एवढ्या दुःखातही दोघीतिघी पदराआड हसल्या. आत्या मात्र हसली नाही. तिने बियाण्याच्या गाडग्यातून ओंजळभर पांढरी ज्वारी काढली आणि शेजारणीकडून दळून आणवली. "द्वारके, तू चाळ. तुजा हात हलका हाय."

द्वारकाने चाळणी घेतली. चाळलेलं पीठ तिने भुईवर पसरलं आणि पाटीच्या कडेने सपाट केलं. बोट टेकलं तर बोटावरच्या रेषादेखील उठत होत्या. तेव्हाच तिच्या मनात ते आलं.

बैल छावणीवर गेले होते, गोठा रिकामा होता. पिशवीच्या तळाशी कोरणी होती, आणि शाळेतून आणलेला सागाचा एक लहान तुकडा. पुढे तीन बोटं, मागे एक. साळुंकीचं पाऊल कोरायला तिला फार वेळ लागला नाही. दादांनी कालपासून तोंडात घास घातलेला नाही, त्यांच्यासाठी करतेय, असं ती स्वतःला समजावत राहिली. पण दादांना पाऊल हवं होतं आणि तिला हवी होती सुटका, हे कोरणी चालवतानाही तिला कळत होतं.

सकाळी अस्थी सावडायला जायचं होतं. उजाडायच्या बेतात पुरुषमाणसं आटलेल्या नदीत खणलेल्या झिऱ्यावर आंघोळीला गेली आणि आत्या सरपणासाठी परसात गेली. द्वारकाने टोपलं उचललं. पीठ कोरं असेल या भीतीने तिने त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. डावा तळवा कडेला टेकून ती वाकली आणि ठोकळा दाबला. एक पाऊल, थोडं पुढे दुसरं, मग तिसरं. हात स्थिर होता. शाळेत शिकलेलं पुरेपूर कामी आलं.

सरळ होताना तिने तळवा उचलला, आणि तिला दिसलं की तळव्याखालचं पीठ नुसतं दबलेलं नव्हतं. तळव्याच्या बाहेर, अगदी कडेशी, बारीक काहीतरी होतं. एक ओरखडा. वाकडी रेघ. तळव्याच्या आत शिरून नाहीशी झालेली. कदाचित टोपल्याची काडी टेकली असेल. कदाचित तिचीच बांगडी. दिवा जवळ आणून तिने पुन्हा पुन्हा पाहिलं, पण रेघ आत शिरली होती तिथे आता तिच्या हाताच्या खुणेशिवाय काहीच नव्हतं. परसात आत्याची चाहूल लागली. तिने तळव्याची खूण, कडेच्या रेघेसकट, फुंकर घालून, बोटाने सारखी केली, टोपलं झाकलं आणि ठोकळा चुलीत घातला.

सगळे परत आल्यावर आत्याने टोपलं उचललं. "आगं बया! पाखराचं पाऊल! गहिनी, बघ रं, पाखराचं!"

गहिनीनाथ गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी तोंड पिठाजवळ नेलं. "साळुंकी," ते म्हणाले. "साळुंकी झाली." आणि दोन दिवसांत पहिल्यांदा ते रडले, लहान मुलासारखे, नाक ओढत. त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली.

"लेक आली आन् मोकळी झाली," आत्या येईल त्या बाईला सांगत होती. कालच्याच बायका आता द्वारकाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. तो हात तिला सोसवत नव्हता.

दहावं-तेरावं उरकलं. रोज सकाळी गहिनीनाथ ताटातल्या भाकरीचा कोर मोडून अंगणात कुस्करत, खापरात पाणी ठेवत. प्यायचं पाणी दोन कोसांवरून येत होतं. साळुंक्या येत, भांडत, उडून जात. "हळू गं, हळू," ते एखादीला म्हणत. "पुरंल समद्यांला."

नगरला परत निघायच्या दिवशी फाट्यावर गाडीची वाट पाहत दोघं लिंबाखाली उभी होती. द्वारकाने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "दादा, ते पाऊल..."

"ठावं हाय मला," गहिनीनाथ म्हणाले.

तिने पिशवी पुन्हा उचलली.

"तू आलीस म्हनून उमटलं ते. न्हाईतर पयल्या राती का न्हाई उमटलं?" धोतराच्या सोग्याने त्यांनी डोळे टिपले. "लंकीला सांगू नगंस, पन मला आता तिचं तोंड नीट आठवंना. ते पाऊल मातुर आठवतंय. तू त्याचं चित्र छापून दे मला. देवापाशी लावीन."

गाडी आली. ती चढली.

शाळेत तिने नवा ठोकळा घेतला. पावलं तेवढी सोडायची आणि भोवतालचं सगळं पीठ कोरून काढायचं होतं, म्हणजे कागदावर पांढऱ्यावर काळी पावलं येतील. तीनही पावलं तिने राखली. भोवतालचं लाकूड पातळ पातळ काढत ती कडेला पोचली आणि थांबली. तळवा टेकला होता ती ही जागा. इथे कोरलं तर ती पांढरी येणार. पांढरी म्हणजे इथे काही नव्हतं. तसं सांगायला तिने पाहिलं कुठे होतं? रेघ ठेवावी, तर ती रेघ कशाची होती आणि आत कुठे गेली होती? तिने कोरणी तीनदा लावली आणि तीनदा उचलली.

सर मागे येऊन उभे राहिले. "एवढंच का सोडलंस? तोल जातो चित्राचा."

"तिथं काय होतं ते मला माहीत नाही, सर."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिची आई गेल्याचं त्यांना कळलं होतं. ते पुढच्या मुलाकडे गेले. तिने ठोकळा तसाच छापला. पावलं स्वच्छ आली. कडेला तळव्याएवढा काळा, गच्च डाग आला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने तो कागद घरी नेला. गहिनीनाथांनी हात धुऊन तो घेतला, दारापाशी उजेडात धरला. पावलांवरून त्यांनी बोट फिरवलं, कागदाला लागू न देता. मग बोट कडेला थांबलं.

"हे काळं काय गं?"

सांगायची वेळ पुन्हा आली होती. दादा शांत होते. अंगणात साळुंक्या होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"तिथं कोरायचं ऱ्हायलं, दादा," ती म्हणाली. पुढचं वाक्य तिच्या ओठांशी होतं.

गहिनीनाथ त्या डागाकडे बघत राहिले, आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. "आसं व्हय! तीट लावलीस व्हय तिला? दिष्ट लागाया नको म्हनून?" त्यांनी कागद छातीशी धरला. "बाळाला लावत्यात तशी. आता बाळच की ती. लई शानी हायेस."

द्वारका उंबऱ्यावर बसली.

"व्हय दादा," ती म्हणाली. "तीटच हाय."

ते खिळा आणि दगड शोधायला आत गेले.