शिडाचा अंतरपाट

जुहूला नंदकुमारच्या मामांचा बंगला आहे. हिरवळ संपते तिथे एक छोटं फाटक, आणि फाटकापलीकडे वाळू. आमचं लग्न तिथेच करायचं, हे माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, उत्तराबाईंनी ठरवलं. सजावटही त्यांचीच: पांढरे-निळे पडदे, मांडवाच्या खांबांना गुंडाळलेले सुती दोर, पितळी कंदील, प्रत्येक टेबलावर एक शिंपला.

"बटबटीत काही नको," त्या म्हणाल्या. "समुद्राचा नुसता भास हवा."

खरंच सुरेख होतं सगळं. म्हणून मी आमच्या अंतरपाटाबद्दल सांगितलं.

आम्ही मूळचे देवबागचे, मासेमारी करणारे. बाबा मुंबईला येऊन गिरणीत लागले. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, तेव्हापासून ते मुलुंडच्या एका कारखान्यात पहारेकरी आहेत. पण नवरा-नवरीमध्ये धरायचा अंतरपाट आमच्या घरात अजून शिडाचाच असतो, आणि तोही वादळातून परत आलेल्या होडीच्या शिडाचा. आजोबांच्या होडीचं शीड घाटकोपरच्या आमच्या खोलीत पोटमाळ्यावर होतं. आईचं लग्न त्याच्याच आडून लागलं, आत्याचंही.

उत्तराबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "प्रथा छान आहे गं, नलिनी. पण वास येईल ना त्याला? मी रेशमी अंतरपाट आणलाय. आणि देवबागचं वगैरे सगळ्यांना सांगायलाच हवं का? बाबा गिरणीत होते, एवढं पुरे."

समुद्राचा भास चालणार होता, समुद्रावरची माणसं नाही.

घरी मी फक्त वासाचं बोलले. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून परत आले तर बाबा चाळीच्या मागे चुलीपाशी बसलेले, आणि पुढ्यात शीड. ते कायम तांबूस तपकिरी असायचं. कापड कुजू नये म्हणून आजोबा ते झाडाच्या सालीच्या पाण्यात उकळत. आता त्यावर जागोजागी काळे डाग पडले होते.

"बाबा, काय केलंत हे?"

"सोडो घालून उकळलंय गो. तुज्या सासूक बरा दिसाक व्हया. माका वाटला, पांढरा होतला."

"कशात उकळलंत?"

"बाजूच्या काशीरामाच्या लोखंडी कढयेत." त्यांनी एक डाग अंगठ्याने घासून पाहिला. "लग्नात काळा! वाट लागली. ऱ्हवांदे, त्येंचोच अंतरपाट धरूक सांग."

सालीत टॅनिन असतं. त्याला लोखंड मिळालं की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी शाई अशीच करत. बाबांनी शीड उजळायला घेतलं आणि त्याची शाई झाली.

नंदकुमार माझ्याच प्रयोगशाळेत आहे. त्याने क्षणात उपाय सांगितला. "ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये बुडव, यार. डाग गायब."

"डाग जातील, सालीचा रंगही उतरेल. मग उरेल एक फिकट चादर. त्यापेक्षा तुझ्या आईचा रेशमी काय वाईट?"

"अगं, एका कापडासाठी एवढं?"

"कापडासाठी नाही रे. माझ्या बापाने त्याच्या बापाचं शीड धुवायला घेतलं. कोणाला घाबरून, ते सांग."

तो परीक्षानळी धुवत राहिला. एकच नळी, बराच वेळ.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. मी शीड पिशवीत घालून नेलं आणि पाटावर चढण्याआधी गुरुजींच्या हातात दिलं. त्यांनी ते उलगडलं, काळे डाग पाहिले आणि उत्तराबाईंकडे पाहिलं. उत्तराबाई रेशमी अंतरपाट घेऊन तयारच होत्या.

"नलिनी, आज नको गं," त्या हळूच म्हणाल्या. "शुभकार्यात काळं! लोक बघतायत."

"बघू देत, आई. आम्ही मासेमारी करणारे. हे आजोबांचं शीड, आणि हे डाग माझ्या बाबांच्या हातचे." मी आवाज मुद्दाम खाली आणला नाही. "याच्याशिवाय मी हार उचलणार नाही."

पहिल्या रांगेतल्या बायका पुढे झुकल्या. बाबा शेवटच्या रांगेत, कंदिलाच्या खांबाआड उभे होते. नंदकुमार समोरच्या पाटावर गप्प. मी हार ताटातच ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. तो तसाच गप्प राहिला असता, तर मी त्याच फाटकातून बाहेर पडणार होते. ते माझं ठरलेलं होतं.

"गुरुजी, तोच धरा," तो म्हणाला. आवाज चिरकला, पण म्हणाला.

शीड आमच्यामध्ये उभं राहिलं. माझ्या पाठीमागून मावळतीचं ऊन त्यावर पडलं. मग समुद्राकडून वारा आला आणि ते भरलं. एक टोक गुरुजींच्या हातून सुटलं, कापड फडफडत नंदकुमारच्या मुंडावळ्यांवर आदळलं. मंडळी हसली. बाबा मागून धावत आले आणि त्यांनी ते टोक पकडलं.

"धरलंय," ते म्हणाले. "म्हणा तुमी."

मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, तरी त्यांची मूठ सुटेना. "बाबा, सोडा आता," मी म्हटलं, तेव्हा सोडली.

जेवणं उरकल्यावर उत्तराबाईंनी विचारलं, "हे आता तुझ्या माहेरी जाईल ना?"

"नाही, आई. ते माझ्याबरोबर येणार." मी शीड खांद्यावर घेतलं. "पुढच्या लग्नाला आपल्याकडेच लागेल."