राजेश्वरीची लाल टर्बो

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे; पण 'जुनी' हा शब्द जरा बेतानं वापरा. घाटाचा पहिला चढ समोर दिसला की आजही माझ्या अंगातून शिरशिरी जाते. मी रंगानं लाल, बांध्यानं आखूड आणि इतर गाड्यांपेक्षा जमिनीला जास्त जवळ. बाजारातून भाजी आणण्यासाठी मला कुणी बनवलं नव्हतं. माझ्या पोटात टर्बो आहे. टर्बो म्हणजे इंजिनाच्या गरम धुरावर गरगर फिरणारी एक लहानशी चक्की. ती इंजिनात जादा हवा कोंबते, आणि मग मी अशी उसळते की बसणाऱ्याची पाठ सीटला चिकटून बसते.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. साताऱ्याच्या पृथ्वीराजनं मला शोरूममधून थेट घरी नेलं. औद्योगिक वसाहतीत त्याच्या वडिलांचा कारखाना होता. सुरुवातीला माझं कौतुक काय वर्णावं! पोवई नाक्यावर सिग्नलला थांबले की रिक्षावाले मान वळवून बघायचे. पृथ्वीराज मला कराडपर्यंत पळवायचा आणि उगाच परत यायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू? पण सकाळी गार इंजिन चालू केल्या केल्या तो पाय दाबायचा आणि माझे आतले भाग कोरडेच घासले जायचे. तेल बदलायची वेळ येऊन जायची. एकदा एका वळणावर मी रस्ता सोडून भुईमुगाच्या शेतात जाऊन थांबले. नाक दुरुस्त झालं, रंग बसला. पुढं त्याचं लग्न झालं, घरात उंच, ऐसपैस गाडी आली, आणि मी कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये कव्हराखाली गेले. टायर बसले. उंदरांनी वायरी कुरतडल्या. कधीमधी कुणीतरी येऊन मला चालू करायचं आणि दोन मिनिटांत बंद करून निघून जायचं.

मला विकायला काढलं तेव्हा बघायला पुष्कळ जण आले. कुणी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले, कुणी हॉर्न वाजवून पाहिला, कुणी नुसताच सायलेन्सरचा आवाज मोठा करून मागितला. मग एका सकाळी राजेश्वरी आली.

राजेश्वरी इस्लामपूरजवळच्या एका गावची. घरी ऊस. कुपवाडच्या एका कारखान्यात ती मालाची तपासणी करायची. गाडी शिकली ती वडिलांच्या ट्रॅक्टरवर. कुपवाडचा धनाजी मातीच्या रस्त्यावरच्या शर्यतींत भाग घ्यायचा, तेव्हा ती त्याच्या शेजारी बसून पुढची वळणं सांगायची. बक्षीस दोघांचं असायचं, पण स्टिअरिंग नेहमी धनाजीच्या हातात. आता तिला स्वतः चालवायचं होतं, आणि स्वतःच्या गाडीत. बरोबर तिचे वडील होते. त्यांचं नाव सयाजी, ती त्यांना आबा म्हणायची. लष्करात त्यांनी डोंगरातल्या रस्त्यांवर ट्रक चालवण्यात उमर घालवली होती आणि असल्या बुटक्या गाड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

राजेश्वरीनं ना माझा रंग पाहिला, ना टेप लावला. तिनं आधी माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट कोमट होतं. पृथ्वीराज म्हणाला की सहज चालू करून बघितली होती. तिनं मान डोलावली आणि सांगितलं, "मग आज नको. उद्या सकाळी येते. मी आल्याशिवाय चावी लावू नका."

आबा वैतागले. "बैल बघाय बी मानूस दोनदा जात न्हाई."

"चांगला असंल तर जातंय की, आबा," ती म्हणाली.

मित्रांनो, तिचं बरोबर होतं. तापलेलं इंजिन आपली दुखणी दडवतं. रात्रभर गार पडलेलं इंजिन चालू होताना मात्र सगळं ऐकू येतं, फक्त ऐकणारा हवा. दुसऱ्या दिवशी ती खरोखरच परत आली. चावी फिरली तशी मी निळसर धूर सोडला, थोडी खडखडले, मग शांत झाले. ती गुडघ्यावर बसून ऐकत होती. टायर कुठल्या बाजूनं झिजलेत ते तिनं बोटांनी चाचपलं. बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट पाहिले, त्यांच्यावरचा रंग उडालेला होता, म्हणजे बॉनेट कधीतरी उतरवून पुन्हा बसवलेलं. ती उठली आणि तिनं पृथ्वीराजला सरळ विचारलं, ही कुठं धडकली होती?

"विचारलं नसतं तर सांगितलं नसतं," तो म्हणाला.

"आता सांगताय तर सगळंच सांगा."

शेडच्या पायरीवर बसून त्यानं सगळं सांगितलं. भुईमुगाचं शेत, चुकलेली तेलं, उंदीर, सगळं. मला वाटलं, आता ही निघून जाणार. पण उलट तिचा चेहरा खुलला. काय बिघडलंय ते कळलं, म्हणजे काय दुरुस्त करायचं तेही कळलं, असं तिनं आबांना सांगितलं.

मग तिनं मला रस्त्यावर काढलं. इंजिन पुरतं तापेपर्यंत ती इतकी हळू चालली की सायकलवाला पुढं गेला. आणि मग, रस्ता मोकळा दिसल्यावर, तिनं पाय टेकवला. टर्बोनं शीळ घातली. किती काळानं माझ्या फुप्फुसात हवा शिरली! मी उसळले, झाडं मागं सरकली, मागच्या सीटवर आबांनी वरची मूठ घट्ट धरली. पुढं वळण होतं. तिनं वेळेवर वेग उतरवला, मला आत घेतलं, आणि बाहेर पडताना पुन्हा सोडलं. हे हात माझ्याशी भांडत नव्हते. ते विचारून विचारून चालवत होते.

परत आल्यावर आबा खाली उतरले, माझ्याभोवती एक फेरी मारली. "बिरेक कसा हाय?"

"जोरात दाबला तरी सरळ थांबते."

"मग घे," आबा म्हणाले.

धनाजीची शेड कुपवाडच्या वसाहतीत होती. त्याला मला आधी आणखी ताकद द्यायची घाई. राजेश्वरीनं ऐकलं नाही. पहिल्यांदा ब्रेक, मग टायर, मग पट्टे, नळ्या, वायरी, आणि या सगळ्याच्याही आधी तेल, असं तिनं ठरवून टाकलं. धनाजी कुरकुरला, पण हात चालवत राहिला. कारखान्यातून सुटली की ती यायची, ओढणी कमरेला बांधायची आणि माझ्याखाली शिरायची. जेव्हा मी पुन्हा चालू झाले, तेव्हा धुराचा मागमूस नव्हता. धनाजी म्हणाला, "ताई, ही आता गुणगुणाय लागली की."

गावी मला गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत जागा मिळाली. पहिल्याच दिवशी एक कोंबडी माझ्या टपावर चढून बसली. राजेश्वरीच्या आईनं, अंबूबाईनं, तिला हुसकावलं आणि आपली जुनी वाकळ धुऊन माझ्यावर पसरली. उंदीर येऊ नयेत म्हणून आबांनी खोलीतली पेंड-भुशाची पोती स्वतः उचलून बाहेर नेली. वर म्हणाले, गाडीसाठी न्हाई, पोत्यांना ओल लागत होती.

रस्ते मात्र माझे वैरी होते. इस्लामपूर ते सांगली दर गावाला एक गतिरोधक, आणि त्यातले निम्मे बिनरंगाचे. राजेश्वरी प्रत्येकावरून मला तिरकी, एकेक चाक करून उतरवायची. मागचे हॉर्न वाजवायचे, ती बधायची नाही. गाळपाच्या हंगामात गाणी लावून डुलत जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यातून सांडलेली कांडकी, हवेत मळीचा उग्र वास. तिथं ती कुणाशीही चढाओढ करत नसे. मोटारसायकलवरची पोरं शेजारी येऊन डिवचायची, ती त्यांना हातानं पुढं जायला सांगायची. पळायचं ते पळायच्या जागी. कुपवाडच्या पलीकडं मुरमाचं एक मोकळं मैदान होतं. तिथं धूळ उडवत आम्ही दोघी वळायला शिकलो.

आणि मग तो दिवस आला. साताऱ्याजवळच्या पवनचक्क्यांच्या पठारावर जाणारा एक घाटरस्ता दिवसभर बंद करून तिथं चढाईची शर्यत ठेवली होती. एकेका गाडीनं खालून वर जायचं, दोनदा, आणि दोन्ही वेळांची बेरीज ज्याची सगळ्यात कमी त्याचा पहिला नंबर. कोल्हापूरच्या, पुण्याच्या गाड्या आल्या होत्या, माझ्याहून तरुण आणि चकचकीत. स्टिअरिंगवर बाई आमच्याच गाडीत. धनाजी खाली राहिला, आबा शेवटच्या रेषेपाशी वर जाऊन थांबले.

झेंडा पडला. मित्रांनो, त्या पहिल्या फेरीचं काय सांगू तुम्हाला! डावीकडं कडा, उजवीकडं दरी, वर फिरणारी पाती, आणि माझ्या चारही टायरांनी डांबर असं धरलेलं की जणू दातांनी. राजेश्वरी वळणं स्वतःलाच मोठ्यानं सांगत होती, जशी पूर्वी धनाजीला सांगायची. एका वळणावर तिनं मला फार आतून घेतलं. कड्यावरून घरंगळलेला एक दगड तिथं होता. तो माझ्या पोटाला खाडकन लागला. तिला तो आवाज चाकाखालच्या खडीचा वाटला. वर पोहोचलो तेव्हा लाउडस्पीकरवर आमचं नाव पहिलं होतं.

खाली परतल्यावर तिनं टायर बघितले, पाणी बघितलं. मी गवतावर उभी होते, थेंब थेंब गळणारं तेल गवतानं पिऊन टाकलं. मला सांगायचं होतं. पण गाड्यांना बोलता येत नाही, दिवे तेवढे लावता येतात.

दुसरी फेरी पहिलीपेक्षाही जोरात निघाली. शेवटून दुसरं वळण संपलं, वरची रेषा दिसली, आबांचा फेटा दिसला, दोन्ही बाजूंना माणसं ओरडत होती. तेवढ्यात मी माझा लाल दिवा लावला. तेलाचा.

राजेश्वरीनं तो पाहिला. रेषा इतकी जवळ होती की आणखी एकदा पाय दाबला असता तर बक्षीस तिचं होतं. कठड्यावर बसलेला कुणीतरी ओरडला, "सोडू नगंस, आलंच की!"

तिनं चावी फिरवून इंजिन बंद केलं. उरलेल्या वेगावर मला कडेला घेतलं आणि ब्रेक ओढला. मग तिनं कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं.

आबा उतारावरून धावत आले. त्यांना त्या वयात धावताना मी प्रथमच पाहिलं. ते रस्त्यावर आडवे झाले आणि माझ्या पोटाखाली डोकावले. तेल ज्या भांड्यात असतं, ज्याला गॅरेजवाले चेंबर म्हणतात, त्याला चीर गेली होती.

"बंद कवा केलीस?"

"दिवा लागला तवाच."

आबा उठले, हात पुसले. "मोठमोठ्या ड्रायव्हरांना ह्ये जमलं न्हाई," ते म्हणाले, "समोर मुक्काम दिसत असताना थांबायचं."

राजेश्वरी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. हरल्यामुळं की सुटल्यामुळं, ते मला कळलं नाही. रस्ता मोकळा करायचा म्हणून माणसं मला ढकलायला पुढं झाली. त्यांत एक हात माझ्या ओळखीचा होता. पृथ्वीराज शर्यत बघायला आला होता. आपला पांढरा शर्ट तेलाधुळीत माखून त्यानं मला पठारावर पोहोचवलं, आणि गर्दीत मागं सरला.

कुपवाडला धनाजीनं इंजिन उघडलं. आतले भाग बॅटरीच्या उजेडात धरून तो बघत राहिला. एक ओरखडा नव्हता. आणखी थोडी पळाले असते तर ते इंजिन भंगारात गेलं असतं, असं त्यानं सांगितलं. नवं चेंबर बसलं, आणि त्याच्याखाली जाड पत्र्याची ढाल.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा त्याच घाटाखाली उभ्या होतो. यावेळी राजेश्वरीनं पहाटे सगळा रस्ता पायी चालून दगड बघून ठेवले होते. पहिली फेरी नीट गेली. दुसऱ्या फेरीत आम्ही उडालोच म्हणा ना. टर्बोची शीळ, पात्यांचा घरघराट, वळणामागून वळण, आणि रेषा चाकाखालून सुर्रकन निघून गेली. क्षणभर सगळं शांत. मग लाउडस्पीकर खरखरला आणि तिचं नाव पुकारलं गेलं. पहिला नंबर.

लोक धावत आले. काचेवर थापा पडू लागल्या. मंचावरून नाव पुन्हा पुकारलं. राजेश्वरी मात्र आतच बसून होती, पट्टा न सोडता, इंजिन हलकेच चालू ठेवून. कारण टर्बो लालबुंद तापलेली असताना इंजिन एकदम थांबवलं तर तिच्यातलं तेल जागच्या जागी करपतं. तिला हळूहळू निवू द्यावं लागतं. "हिला जरा निवू दे, मग येते," तिनं काचेतून सांगितलं. तिसऱ्यांदा नाव पुकारलं. शेवटी आबाच मंचावर गेले, फेटा सावरत, आणि माइक हातात घेऊन म्हणाले, "पोरगी गाडीपाशी हाय. याला येळ लागंल. थांबा."

आणि मित्रांनो, ते सगळे थांबले.

तुमच्याकडेही काहीतरी असेल, सायकल असेल, शिलाई मशीन असेल, शेतातला पंप असेल. ते तुमच्यासाठी धावून थकलं की कौतुक घ्यायला लगेच पाठ फिरवू नका. त्याच्याजवळ थोडं बसा. त्याचा श्वास खाली बसू द्या. माझा बसला, राजेश्वरीनं चावी फिरवली, बॉनेटवर एकदा हात ठेवला, आणि मग ती मंचाकडे पळत सुटली.