दुधाची लेक

मासूमा अंगणात मासे साफ करीत बसली होती. एवढ्यात तिची आत्या आली आणि तिने दारातूनच गळा काढला, "पोरी, नशीब फुटलं गं तुझं!"

मासूमाला काही कळेना. लग्नाआधीची रक्ततपासणी नुकतीच झाली होती आणि निकाल अजून तिच्या हाती यायचा होता. आत्याला तो दवाखान्यात काम करणाऱ्या शेजारणीने सांगितला होता. मासूमाच्या रक्तात सिकलसेलचा दोष होता. नियोजित नवऱ्याच्याही रक्तात तोच होता. आजार दोघांनाही नव्हता. पुढे लेकरांना होण्याची भीती होती. त्याच्या घरच्यांनी लग्न मोडलं. साऱ्या सित्रा बेटावर बातमी षटकर्णी झाली, ती मात्र एकट्या मासूमाची. त्याचं लगेच दुसरीकडे जमलंसुद्धा. पुरुषाचं रक्त धुऊन निघतं, असं आमच्या बायकांना वाटत असावं.

आत्याचं ऐकून मासूमा रडली नाही. उरलेले मासे साफ करून तिने हात धुतले. त्या दिवसापासून ती घरात असून नसल्यासारखी वावरू लागली.

हिवाळ्यात तिच्या धाकट्या बहिणीला, हौराला, मागणी घालायला मुहर्रकहून पाहुण्या आल्या. मुलाच्या आईने रीतीप्रमाणे कॉफीचा पेला न पिता समोर ठेवला. मागणी मान्य झाली की मगच तो प्यायचा.

"मुलगी पसंत आहे हो," ती म्हणाली. "पण थोरलीचं कानावर आलंय. दोघी एकाच रक्ताच्या ना? राग मानू नका हं."

मासूमा कॉफीची सुरई घेऊन तिथेच उभी होती. मासूमाच्या आईने लेकीकडे पाहिलं नाही.

"छे हो! ती कुठे माझ्या पोटची? तिची आई बाळंतपणात गेली, मी आपलं दूध पाजलं. दुधाची लेक आहे ती."

पाहुणीचा चेहरा खुलला. तिने पेला ओठांपर्यंत नेला. मासूमा पुढच्या बाईला कॉफी ओतू लागली. तिला काहीच वाटलं नाही, आणि मला तेच सगळ्यात भयंकर वाटतं.

"काकू, थांबा, पिऊ नका," हौरा उठून उभी राहिली. "ती माझी सख्खी बहीण आहे. आमची नाकं बघा की! माझं रक्त कसंय ते मलाही ठाऊक नाही. तपासेन तेव्हा तपासेन, आणि ज्याच्याशी निकाह लागायचाय त्याला सांगेन. कॉफीबरोबर वाटायला ते काय खजूर आहेत?"

"जीभ बघा पोरीची!" पाहुणीने पेला आदळला. अबाया सावरीत सगळ्या निघून गेल्या.

आईने कपाळावर हात मारून घेतला. "तुझ्याच भल्यासाठी खोटं बोलले ना गं! आता कोण करणार तुला?"

"उद्या मी दवाखान्यात जाणार," हौरा म्हणाली. "ताईचा निकाल बाहेर कुणी फोडला, ते विचारणार. तक्रार करणार."

"हळू बोल! लोक ऐकतील."

मासूमा पेले गोळा करीत होती. पाहुणीचा भरलेला पेला तिने उचलला आणि उभ्याउभ्याच पिऊन टाकला. कॉफी गार झाली होती.

"ऐकू दे, आई," ती म्हणाली. "त्यांचं ऐकायचं राहिलंय तरी काय? उद्या मीही जाते हिच्याबरोबर."