पाणी वेळापत्रकाचा फॉन्ट

कात्रपमधल्या आमच्या सोसायटीची मोटर जळली होती आणि नळ कोरडे पडले होते. अशात सेक्रेटरी गोडांबेकाकांनी मला बोलावलं. मी अंबरनाथला पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते, तेव्हा वाटलं, मोटर दुरुस्तीवाल्याचा नंबर हवा असेल. पण त्यांनी लॅपटॉप पुढे सरकवला.

"मनाली, एक्सेलमध्ये 'पाणी वेळापत्रक' वर्डआर्टमध्ये टाकलंय, पण फॉन्ट बदलतच नाही बघ."

घरात प्यायला थेंब नाही आणि या माणसाला अक्षरांना नक्षी हवी होती! तीही इंग्रजी फॉन्ट लावून. त्याने मराठी अक्षरं कशी बदलतील?

"काका, मोटरचं काय?"

"होईल गं ते. आधी नोटीस उठून दिसली पाहिजे."

मी चौकटीच्या कडेवर क्लिक करून मराठी फॉन्ट निवडला. अक्षरं टपोरी झाली. काका चष्मा पुसत होते, तेवढ्यात मी मजकूर खोडून 'पाणी नाही, मोटर जळली' असं टाइप केलं.

"वा! काय वळण आलंय!" म्हणत त्यांनी रंगीत प्रिंट काढली आणि स्वतः लिफ्टशेजारी चिकटवली. वाचली मात्र नाही. ती वाचली पहिल्या मजल्यावरच्या कौसाबाईंनी, खड्या आवाजात.

"जळलीय हे ठाऊक आहे ना तुम्हाला? मग कागद कसले चिकटवता? माणूस बोलवा!"

जिन्यात माणसं जमली. काकांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. रिंग जात असताना माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "अक्षरांना जरा सावली देता येईल का गं?"