दोन ओसे आणि एक चाळणी

डेन्मार्कच्या टेर्नो बेटावरच्या माणसांच्या हाती कीबोर्ड देणं म्हणजे कोंबड्यांच्या हाती खुराड्याची किल्ली देणं, असं प्रेबेन स्कोव्हचं ठाम मत होतं. ते तो लपवतही नसे. बेटाच्या अँटेना मंडळाचा मेल सर्व्हर तो एकटा सांभाळायचा. फार पूर्वी सगळ्यांच्या टीव्हीसाठी मिळून एक अँटेना उभा केला होता, त्यातून हे मंडळ निघालं. मग इंटरनेट आलं, मेलचे पत्ते आले आणि अध्यक्षापासून हेरिंग मासे खारवणाऱ्यापर्यंत सगळे प्रेबेनच्या दारात येऊन तेच रडगाणं गाऊ लागले. मेल आली नाही. प्रेबेनचं उत्तरही ठरलेलं असायचं: "काहीतरी दाबून बसला असशील." बहुतेक वेळा ते खरं निघे, आणि माणूस बिघडायला तेवढं पुरतं.

मार्चमध्ये थोरली ओसे आली. ओव्हरकोटाचं बटणही न काढता खुर्चीत बसली.

"प्रेबेन, एस्किलची मेल येत नाही रे. नाताळच्या आधीपासून नाही."

एस्किल तिचा मुलगा. ग्रीनलंडला, नूकच्या मासळी कारखान्यात होता. थोरलीला फोनवर धड ऐकू येत नसे, म्हणून मायलेकांचं सगळं बोलणं मेलवर चाले. प्रेबेनने तिची पेटी उघडली. स्पॅमच्या फोल्डरमध्ये पाहिलं. तिथे वजन कमी करण्याच्या गोळ्या होत्या, एस्किल नव्हता.

"इथे काही नाही, ओसेबाई."

"वाटेत कुठे अडकलं असेल?"

"मेल म्हणजे काय बोट आहे, धुक्यात अडकायला?" तो म्हणाला. "आली असती तर दिसली असती. मशीनला तुमच्याशी खोटं बोलून काय मिळणार? तुमचा मुलगा लिहीत नाहीये, एवढंच."

हे तो सहज म्हणाला. माणूस दाराची कडी लावतो तितक्या सहज. थोरली "बरं" म्हणाली आणि गेली.

पण जूनमध्ये ती पुन्हा उगवली. ह्या वेळी तिची मागणी होती, की एस्किलचं नाव 'ह्याची मेल कधीही अडवू नये' अशा यादीत घालावं. असं काही असतं हे तिला दुकानात कुणीतरी सांगितलं होतं. दुकानात काय, सगळेच इंजिनियर. न लिहिणाऱ्या माणसासाठी दार उघडं ठेवायचं, ह्या कल्पनेने प्रेबेनला मनापासून हसू आलं. तरीही त्याने ते केलं, कारण केल्याशिवाय ती उठली नसती. डेटाबेसमध्ये तिच्या नावावर एक ओळ वाढली. "आता बघा," तो म्हणाला, आणि त्या 'बघा'त जेवढी खोच भरता येईल तेवढी त्याने भरली. तिला अर्थातच काही आलं नाही. प्रेबेनला वाटलं, झालं सिद्ध.

दहाएक दिवसांनी धाकटी ओसे दार न वाजवता आत आली.

धाकटी म्हणजे थोरलीची सून, आता पूर्वाश्रमीची. एस्किलशी तिने काडीमोड घेतला होता, आणि तो बेट सोडून नूकला गेला तो त्यानंतरच. दोघींचं नाव एकच, लिहिण्यात तेवढा फरक. थोरली जुन्या रीतीने दोन 'ए' लागोपाठ लिहायची. ती शाळेत जायच्या सुमारास सरकारने ते दोन ए मोडीत काढले आणि त्यांच्या जागी डोक्यावर कडं असलेला एक ए आणला. धाकटीचं नाव त्या कडेवाल्या अक्षराने. उच्चार दोन्हीकडे 'ओ'च. पण नावाच्या बाबतीत इथली माणसं हट्टी. थोरलीला कुणी कडं घालून लिहिलं, तर ती पाकीट न फोडता परत करायची.

"तुझी ती नको त्या मेल गाळणारी चाळणी फुटलीय," धाकटी म्हणाली. "एस्किलची मेल मी नाताळच्या आधीच बंद केलीय. आता रोज त्याची मेल येतेय. समरहाउसमधली कपाटं हवीत म्हणे त्याला."

"काहीतरी दाबलं असशील."

"प्रेबेन, मी मंडळाचे हिशेब तपासते. काय दाबते ते मला कळतं. लाव मशीन."

त्याने नाक मुरडत मशीन लावलं. एस्किलची ताजी मेल त्याने हाताने चाळणीतून पुन्हा सोडली, आणि चाळणीला प्रत्येक पायरी बोलून दाखवायला लावलं. चाळणीचं काम बावळट माणसालाही कळेल असं होतं, कारण ते प्रेबेननेच मांडलं होतं. मेल आली की ती डेटाबेसला विचारायची, ही कुणासाठी? त्या माणसाच्या आवडीनिवडीच्या ओळी दे. 'नको' असेल तर मेलला शंभर गुण. 'हवी' असेल तर वजा शंभर. गुण फार झाले, तर मेल स्पॅमच्या फोल्डरमध्येही जात नसे, सरळ फेकली जाई. घाण घरात कशाला ठेवायची, हेही प्रेबेनचंच म्हणणं, आणि मंडळाच्या सभेत त्याने ते दोनदा ऐकवलं होतं.

पडद्यावर धाकटीच्या दोन ओळी आल्या. एस्किल नको. एस्किल हवा. शंभर आणि वजा शंभर, बेरीज शून्य, मेल आत.

"हे 'हवा' कुणी लिहिलं?" धाकटीने विचारलं. "मी तर नाही."

प्रेबेनने ओळीच्या मालकिणीचं नाव बघितलं. त्यात दोन ए होते.

त्याला लगेच कळलं, आणि न कळतं तर बरं असं वाटलं. डेटाबेस बसवताना त्याने मोठ्या तोऱ्यात त्याला डॅनिश अक्षरांचे नियम लावले होते. मुख्य भूमीवरची गाढवं इंग्रजी नियम लावतात आणि आपली कडेवाली नावं यादीत भलतीकडे जाऊन पडतात, म्हणून. डॅनिश नियम शहाणा असतो. दोन ए आणि कडेवाला ए ह्यांना तो एकच अक्षर मानतो. मेलच्या पेट्या डिस्कवर वेगवेगळ्या होत्या, पण आवडीनिवडींच्या तक्त्यात सासू आणि सून एक झाल्या होत्या. धाकटीने नवऱ्याला दार लावलं, ते सासूच्या तोंडावर लागलं होतं.

"म्हणजे तिला…" धाकटी म्हणाली आणि थांबली. "नाताळपासून?"

प्रेबेनने चाळणीची जुनी नोंद काढली. एस्किलकडून थोरलीला आलेली, फेकलेली. मग पुन्हा फेकलेली. मेलमध्ये काय होतं ते कुठेच नव्हतं. फेकलेलं परत येत नाही, अशी व्यवस्था त्यानेच केली होती. मेअखेरीनंतर एस्किलने आईला काही पाठवलंच नव्हतं. दार उघडलं तेव्हा बाहेर कुणी उरलं नव्हतं.

"तू तिला काय सांगितलंस?" धाकटीने विचारलं.

बेटावर सगळ्यांना ते आधीच माहीत होतं, तिलाही.

"मूर्ख आहेस," ती म्हणाली. आवाज चढवलाही नाही.

त्याने तक्त्याचा नियम बदलला, दोन्ही नावं वेगळी होतात हे पुन्हापुन्हा तपासलं, आणि मग आणखी तपासायला काही उरलं नाही म्हणून थोरलीच्या घरी गेला. तिने कॉफी ओतली, पण केक पुढे केला नाही. त्याने तक्ता, अक्षरं, डॅनिश नियम असं सुरू केलं. तिने हात वर केला.

"तो लिहीत होता?"

"हो."

"किती दिवस?"

"मेपर्यंत."

ती उठली, खिडकीतला फोन उचलून त्याच्यापुढे ठेवला. "मला ऐकू येत नाही. तू लाव. तू बोल. आणि ते मशीनचं पुराण त्याला सांगू नकोस. मला जे म्हणालास ते सांग."

नूकला फोन लागायला वेळ लागला. एस्किलचा आवाज थकलेला होता, मागे कारखान्याच्या सरकत्या पट्ट्यांची खडखड. प्रेबेनने सांगितलं. नाही म्हटलं तरी मशीन मध्ये आणायचा प्रयत्न त्याने केलाच, पण थोरली त्याच्या ओठांकडे बघत होती, आणि ओठ वाचायला ती केव्हाच शिकली होती. मग त्याने 'तुमचा मुलगा लिहीत नाहीये, एवढंच' हे वाक्य जसंच्या तसं म्हटलं. फोनमध्ये ते फार घाणेरडं ऐकू आलं.



"आणि तिने ते खरं मानलं?" एस्किल म्हणाला.

"काय म्हणतोय?" थोरलीने विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदाच प्रेबेनला घाण नसलेलं काही अडवून ठेवावंसं, कुणापर्यंत पोचूच देऊ नये असं वाटलं. पण ती वाट बघत होती. तो तिच्यासमोर वाकला आणि तिला ओठ नीट दिसावेत म्हणून एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "तुम्ही ते खरं मानलंत का, विचारतोय."

तिने कपातल्या कॉफीकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. "सांग त्याला."