नरसाळ्यांचे वाण

"नरसाळं?" जोतीरामने कात्री खाली ठेवली. "हळदीकुंकवाला? आवं वैनी, चिमणी न्या, डबी न्या. नरसाळं कोण वाटतंय व्हय?"

"मी वाटते."

"बरं दिसंल काय त्ये?"

"दिसायला काय करायचंय? तुझी कात्री तरी कुठं देखणी आहे?"

जोतीराम हसला. लष्करी डब्यांचा पत्रा कापून डब्या, चिमण्या करून विकणारा माणूस. त्याला हसू फुकट येई. उमाबाई हसल्या नाहीत. सांगलीच्या गावभागात उमाबाईंना हसताना पाहिलेले जे कोणी असेल ते आता हयात नसावे.

"करतो की," जोतीराम म्हणाला. "पर आमच्यात वाण रिकामं देत न्हाईत. मूठभर कायतरी घालत्यात."

"आमच्यातही घालतात. तू पत्रा बघ. कडा नीट दुमड, बायकांची बोटं कापायची नाहीत."

*

वाण म्हटले की उमाबाईंच्या कपाळावर आठी चढे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सांगलीतल्या बायका एकमेकींच्या घरी जाऊन एकमेकींची अडगळ वाढवतात, असे त्यांचे स्पष्ट मत होते, आणि ते त्या हळदीकुंकू घेता घेताच सांगत. कुंकवाचा करंडा. पुन्हा कुंकवाचा करंडा. एका कपाळाला किती करंडे लागतात? सेल्युलॉइडचा पोपट. आरसा, ज्यात फक्त एक डोळा दिसतो. वकिलीणबाईंनी तर मागच्या साली कापडी गुलाब दिले होते. कापडाचा गुलाब! लुगड्याला ठिगळ नाही आणि गुलाबाला कापड.

"अहो, हौस असते," कोणी म्हणे.

"हौस ठेवायची कुठं? माझं घर दीड खोलीचं आहे."

दीड खोलीत त्या, त्यांचे हळदीच्या पेढीवर कारकुनी करणारे यजमान अनंतराव, आणि हातापायांनी रोज वाढणारे दोन मुलगे. त्या घरात वस्तूला जागा मिळवायची म्हणजे तिने काम करून दाखवावे लागे. उमाबाईंचा नियम होता : द्यायचे तर खिळ्याला टांगता येईल असे द्यावे, नाहीतर आठवड्यात खाऊन संपेल असे द्यावे. एका वर्षी त्यांनी चिंचेचे गोळे दिले, मीठ लावून. एका वर्षी फडताळ पुसायला जाड फडकी. बायका तोंड वाकडे करून घेऊन गेल्या आणि वर्षभर वापरत राहिल्या. तोंड वाकडे करणाऱ्यांची चिंच आधी संपली, हे उमाबाई नावानिशी सांगत.

आणि यंदा, लढाईच्या या दिवसांत, रॉकेल चिठ्ठीवर. बाटली घेऊन रांगेत उभे राहायचे, घरी आणून दिव्यात ओतताना निम्मे हातावर, जमिनीवर. नरसाळ्यासारखी दुसरी वस्तू नाही. खिळ्याला टांगावे, थेंब वाया जाऊ नये.

फक्त हे वाण सांगलीत वाटायचे नव्हते. हे साताऱ्याला न्यायचे होते. पद्मासाठी.

*

पद्मा, थोरली मुलगी. वैशाखात लग्न झाले, साताऱ्याच्या मंगळवार पेठेत दिली. कार्तिकात तिचे पोट पडले, चौथ्या महिन्यात. विहीणबाईंचा निरोप आला : तब्येत नाजूक दिसते, काही दिवस माहेरी न्या.

काही दिवस म्हणजे किती, हे न कळायला उमाबाई दूधखुळ्या नव्हत्या. अशी काही दिवस माहेरी आलेली एक तर त्यांच्याच आळीत होती. तिच्या नवऱ्याची दुसरी आता दोनदा बाळंत झाली होती. उमाबाईंनी उलट निरोप पाठवला : आमच्याकडे जागा नाही. पोरगी तुमची आहे, तुमच्याकडेच बरी होईल.

शहाणपणाचे उत्तर, असे त्यांनी स्वतःला बजावले. अनंतराव घरातल्या कशावरच बोलत नसत.

आता पुन्हा निरोप होता : पहिली संक्रांत आहे, सुनेच्या हातून वाण लुटायचे आहे, ते घेऊन तुम्ही या. आणि जाताना तिला घेऊन जा.

म्हणजे जे काय करायचे ते त्या एका संध्याकाळी करायचे होते. मंगळवार पेठेतल्या बायकांच्या हातात पद्माच्या हातून असे काही पडले पाहिजे, की त्यांनी म्हणावे : सून कामाची आहे हो. चार बायकांच्या तोंडून एकदा हे निघाले, की विहीणबाईंना सून बाहेर काढताना चार वेळा विचार करावा लागेल.

*

पद्माने काळी चंद्रकळा नेसली होती. अंगावर हलव्याचे दागिने शोभत होते. बायका आल्या. पद्माने पहिले नरसाळे दिले तशी एक म्हणाली, "अगं बाई, नेमकं हेच हवं होतं!" दुसरी म्हणाली, "कोणाच्या डोक्यातून निघालं हे?" पद्मा म्हणाली, "माझ्या आईच्या." विहीणबाईंनी पदर सावरला आणि कौतुकाने म्हणाल्या...

नाही. यातले काहीही झाले नाही. हे सारे मोटारीत, कराडच्या अलीकडे, उमाबाईंच्या डोक्यात. मोटार कोळशाच्या गॅसवर चालत होती आणि चढ आला की उतारूंना उतरवून ढकलायला लावत होती. मांडीवर पत्र्याचे गाठोडे वाजत होते. उंब्रजला शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलेच, "काय हाय वो ह्येच्यात, बाई? लय वाजतंय."

"मुलीचं नशीब आहे," उमाबाई म्हणाल्या आणि तोंड खिडकीकडे केले.

*

खरे असे झाले.

विहीणबाई चारुशीलाबाईंचे घर दोन खोल्यांचे. पण पहिल्या खोलीत काचेचे कपाट होते, आणि त्यात बाहुल्या, शिंपले, चिनी मातीचा ससा. बसायला जागा नाही, सशाला आहे. उमाबाईंनी त्या कपाटाकडे असे पाहिले की जिवंत असता तर तो ससा पळून गेला असता.

पद्मा चंद्रकळा नेसून उभी होती. अंगावर हलव्याचा एक दाणाही नव्हता.

हलव्याच्या दागिन्यांना उमाबाई आजवर मुंग्यांचे जेवण म्हणत आल्या होत्या. साखर पाकवून गळ्यात घालायची आणि चौथ्या दिवशी झाडून टाकायची! पण पहिल्या संक्रांतीला सासरच्यांनी सुनेच्या अंगावर हलवा घालायचा असतो. तो न घालणे म्हणजे काय, हे आलेली प्रत्येक बाई दारातच वाचत होती.

"साखर कुठं मिळते हल्ली," चारुशीलाबाई कोणी न विचारताच सांगत होत्या.

सशाच्या मागे साखरेची बरणी होती, भरलेली. उमाबाईंना ती दिसली. गप्प बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते, पण त्या बसल्या.

जावई गोपाळकृष्ण बायका यायच्या आधीच टोपी घालून बाहेर सटकला. जाताना सासूच्या पाया पडला आणि बायकोकडे पाहिले नाही. असल्या माणसाचे काय वाण करायचे, ते उमाबाईंना त्या क्षणी नेमके सुचले होते.

"आधी तुम्हांला देते, सासूबाई," पद्मा म्हणाली.

"पाहुण्यांना दे. माझं मागाहून बघू."

पेठेतल्या बायका ओळीने बसल्या. शेवटी दाराशी बनुबाई, मागच्या आळीतली. नवरा लष्करात हवालदार, ब्रह्मदेशाच्या बाजूला. तिला बोलावले होते ते, ती कँटीनमधून चहाची पूड आणून देई म्हणून.

पद्माने पहिलीला हळदीकुंकू लावले, तिळगूळ दिला, आणि नरसाळे पुढे केले. वाण रिकामे द्यायचे नसते. तिने ताटातले मूठभर तीळतांदूळ उचलले आणि नरसाळ्यात घातले.

आधी तीळ गळले, मग तांदूळ. खालच्या तोंडातून बारीक धार लागली आणि सारवलेल्या जमिनीवर ढीग झाला. छोटासाच. पण साऱ्या खोलीला तो दिसला, आणि गळताना होणारा आवाजही ऐकू आला.

उमाबाईंनी रॉकेलचा विचार केला होता. बाटलीचा, दिव्याचा, खिळ्याचा, बोटांना लागणाऱ्या कडेचाही केला होता. हा केला नव्हता. जोतीराम सांगत होता; त्यालाही त्यांनी पत्रा बघायला लावले होते.

मग चारुशीलाबाई बोलल्या. आवाज अगदी मऊ होता.

"बघा. यांच्या घरचं सगळं गळतंच."

एका बाईने तोंडाला पदर लावला. आतून ती हसत होती. उमाबाईंना उठून काहीतरी फोडावेसे वाटले, ससा जवळ होता.

पण त्याआधी पद्मा खाली बसली. जमिनीवरचे तीळतांदूळ तिने गोळा केले, एकेक दाणा, घाई न करता. उभी राहिली. डाव्या हाताची करंगळी तिने नरसाळ्याच्या खालच्या तोंडाला लावली, आणि उजव्या हाताने दाणे पुन्हा वरून घातले. एक मूठ. आणखी एक. काठोकाठ. एक दाणा खाली पडला नाही.

"घ्या," ती त्या बाईला म्हणाली. "बोट लावून धरा."

बाईने हात पुढे केला. पद्माची करंगळी निघाली आणि तिची लागली.

"तिळगूळ घ्या. बोट लावून धरा," पद्मा पुढच्या बाईला म्हणाली.

"अगं, पण किती वेळ धरायचं?"

"घरी जाईपर्यंत. सोडलंत तर तुमचं तुम्ही गोळा करा."

दाराशी बनुबाई खो खो हसली. "आवं बया! ह्ये लय झ्याक हाय. सगळ्या बायका बोट लावून पेठंतनं चालणार व्हय? बघायला तर पायजे!" आणि आपली पाळी आली तेव्हा म्हणाली, "सूनबाय, मला दोन दे गं. रॉकेल सांडून सांडून हात फुटल्यात माझं. आन् मला न्हाई त्या गळायबिळायची भीती. माझा माणूस कवा येईल त्ये ठावं न्हाई, गळायला आधी पोटात तर पायजे!"

बायका हसल्या, आणि या वेळी पदराआड नाही. हसणाऱ्यांपैकी एकीनेही नरसाळे परत केले नाही. नाके मुरडली, अपशकून म्हणाल्या, आणि रॉकेलसाठी घट्ट धरून बसल्या. उमाबाईंना त्यांची फार किळस आली. ओळीने बसलेल्या सवाष्णी, जरीच्या काठाच्या, आणि प्रत्येकीचे एक बोट पत्र्याच्या भोकात.

शेवटी पद्मा चारुशीलाबाईंपुढे आली. त्यांना हळदीकुंकू लावले. नरसाळे भरले.

"सासूबाई, तुमचं राहिलं."

"ठेव तिथं."

"ठेवता येत नाही."

सवाष्णीने पुढे केलेले वाण नाकारले तर दोष नाकारणारीला लागतो. हे चारुशीलाबाईंनीच वर्षानुवर्षे साऱ्या पेठेला शिकवले होते. पेठ आता त्यांच्याकडे पाहत होती, आणि बायकांना अशा वेळी घरी जायची मुळीच घाई नसते.

पद्माचा हात पुढे होता.

चारुशीलाबाईंनी करंगळी लावली.

*

सकाळी मोटारीची वेळ झाली तरी पद्माने काही बांधले नव्हते.

"तुझं गाठोडं?" उमाबाईंनी दबक्या आवाजात विचारले.

"नाही बांधलं."

"विहीणबाई म्हणाल्या होत्या..."

"काल संध्याकाळपासून काही म्हणाल्या नाहीत."

"पुन्हा म्हणतील. असल्या बायका विसरत नाहीत."

"म्हणू देत. मी कुठं विसरणार आहे?"

ही पोरगी कोणासारखी बोलते, ते उमाबाईंना कळायला वेळ लागला. कळले तेव्हा बरे वाटले नाही.

"वाणाचं माझं चुकलं," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडाला नवे होते, ते नीट बसेना.

"वाण चांगलं होतं. बनुबाई सकाळी सांगून गेल्या. थेंब सांडला नाही म्हणे."

"पद्मे, अगदीच काही झालं तर ये तू."

पद्मा आईच्या पिशवीत दशम्या बांधत होती. तिने वर पाहिले नाही. आवाजात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसा आवाज.

"कुठं निजवशील? कार्तिकात मला यायचं होतं. तेव्हा जागा नव्हती. आता कुठून झाली?"

मग तिने पिशवीची गाठ मारली आणि वाकून नमस्कार केला.

*

उंब्रज गेले. कराड गेले. चढावर उतारू उतरले, उमाबाई बसून राहिल्या. "बाई, उतरा की वो," चालक म्हणाला. त्यांनी ऐकले नाही. त्या दीड खोलीतली ट्रंक हलवत होत्या. ट्रंक दाराशी, शेंगांचे पोते ट्रंकेवर, वळकट्या पोत्यावर. मुलांची पुस्तके खुंटीवर. दळणाचा डबा चुलीजवळ.

घरी पोचल्यावर पाय न धुता त्या कामाला लागल्या. अनंतराव पेढीवरून आले तेव्हा दारातच ट्रंकेला अडखळले.

"हे काय? आणि तिकडं भिंतीशी काय ठेवणार?"

"काही नाही."

"मग रिकामी कशाला केली?"

"तुम्हांला विचारलं नाही मी."

अनंतराव ट्रंकेला वळसा घालून आत गेले. निजायच्या वेळी धाकट्याने वळकटी भिंतीकडे ओढली तशी उमाबाईंनी ती दोन्ही हातांनी परत खेचली. "तिथं नाही," एवढेच म्हणाल्या.

चौघे एकमेकांना कोपरे मारीत निजले. भिंतीलगत माणूस निजेल एवढी जमीन मोकळी राहिली. पुढे कितीतरी दिवस शेजारणी येत, ट्रंकेवर अवघडून बसत, मोकळ्या जागेकडे पाहत आणि विचारत, इथे काय येणार आहे? सकाळी उमाबाईंचा शेणाचा हात प्रथम त्या पट्ट्यावर फिरे, मग बाकीच्या घरावर.